मी एकही पॅकेट हरवू दिलं नाही

मूर्खपणा आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होतो. कर्जतपासून खालापूरच्या अलीकडच्या गावांपर्यंत जेवढ्या घरांत आमचं इंटरनेट होतं, तेवढ्या सगळ्या घरांचं इंटरनेट मी एकटीने चांगले पाच महिने बिघडवून ठेवलं होतं. चुकून हात लागून नव्हे. विचार करून, चष्मा पुसून, देवाला नमस्कार करून. आणि या कामगिरीबद्दल मला शाल आणि नारळ मिळाला. नारळाची मी चटणी केली. शाल अजून आहे. नात ती थंडीत पायांवर घेते, तेव्हा मी दुसरीकडे बघते.

तेव्हा माझं वय साठ. म्हणजे अक्कल यायला पुरेसं, पण ती आलेली नव्हती. तिच्याऐवजी अनुभव आला होता, आणि अनुभवी बाईला कोणी काही सांगायला जात नाही. आधीची सगळी नोकरी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. तिथली एकच शिकवण हाडात मुरली होती: फोनवर शब्द गळला की तो दोष. दोष म्हणजे कुठेतरी तार तुटलीय, जॉइंटमध्ये पाणी शिरलंय, उंदराने चावलंय. शोधा, खणा, जोडा. तिशीतली मी पदर खोचून खड्ड्याच्या काठावर उभी राहायचे आणि खणणाऱ्यांना सांगायचे, "अजून दोन हात पुढे." दोन हात पुढे काही नसायचं. मग मी म्हणायचे, "मला वाटलंच होतं, मागे असणार." केबलचा दोष हुडकण्यात माझा हात धरणारं तालुक्यात कोणी नाही, अशी तेव्हा समजूत होती. समजूत माझी एकटीचीच होती, पण पक्की होती.

निवृत्त होऊन आठवडा झाला नाही तोच भिसेगावातला दिलीप दारात उभा. हा आधी केबल टीव्हीवाला. मग त्याच खांबांवरून त्याने इंटरनेटच्या वायरी ओढल्या.

"ताई, तुम्हाला वायरींमधलं कळतं. ऑफिसात नुसतं बसायचं, स्क्रीन बघायची, लोकांचे फोन घ्यायचे."

नवराही त्याच वर्षी निवृत्त झाला होता आणि दिवसभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून मला डाळ कशी शिजवावी ते सांगत होता. मी पायात चप्पल सरकवतच हो म्हटलं.

आता ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मलाही नव्हतं, तेव्हा लाजू नका. इंटरनेटवरून काहीही पाठवा, फोटो, बोलणं, सिनेमा, ते अखंड जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता पडतो आणि ते एकामागून एक सुटतात. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. आमच्या सगळ्या गावांची पॅकेटं दिलीपच्या ऑफिसातल्या एका डब्यात गोळा व्हायची आणि तिथून एकाच जाड वायरीने बाहेरच्या जगात जायची. येणारीही तशीच यायची. एकदम फार आली की ती डब्यात रांग लावून थांबतात. रांगेला मर्यादा असते. रांग भरली की पुढचं पॅकेट डबा सरळ टाकून देतो. सांगत नाही, विचारत नाही, टाकतो. हाच तो पॅकेट लॉस.

सोमवार ते गुरुवार, संध्याकाळची थोडीफार गर्दी सोडली तर, आमचं बरं चालायचं. शुक्रवारी संध्याकाळी फार्महाऊसवाले मुंबईहून उतरायचे. निसर्गाच्या सान्निध्यात राहायला आलेली ही माणसं बॅगा टाकायच्या आत वाय-फायचा पासवर्ड विचारायची, आणि मग प्रत्येक बंगल्यात भिंतीएवढ्या टीव्हीवर दोन-दोन सिनेमे. आमच्या स्क्रीनवर लॉसचा आकडा लाल व्हायचा तो रविवारी रात्रीपर्यंत लालच.

तो लाल आकडा मला बघवेना. टेलिफोनची ना मी! गळती दिसली की माझ्या डोळ्यांपुढे तुटकी तारच यायची. मी किसनला पळसदरीपर्यंतची लाइन तपासायला पाठवलं. किसन आमचा लाइनमन, चाळिशीचा, डोंगराकडच्या वाडीतला. तो खांबावर चढला की खांबालाच आधार वाटावा असा. एकदा पाठवला, दोनदा पाठवला. तिसऱ्यांदा तो परत आला आणि काठी दाराशी टेकवून म्हणाला,

"मावशी, वायर कुटंच तुटल्याली नाय. एके जागी माकडं झोके घेत व्हती. त्यांना बी इचारलं. नाय म्हनली."

मग एके दिवशी त्या डब्याच्या सेटिंगमध्ये मला रांगेची लांबी सापडली. हवी तेवढी वाढवता येते! मला तर खजिना सापडल्यासारखं झालं. रांग भरते म्हणून पॅकेट पडतं, तर रांगच लांब करा ना. किती लांब? मनात म्हटलं, हात कशाला आखडायचा. डब्याच्या पोटात जेवढी जागा होती तेवढी सगळी देऊन टाकली.

शुक्रवार आला. लॉस शून्य. शनिवार. शून्य. रविवारी दिलीपला फोन करून बोलावलं. तो स्क्रीनसमोर हात जोडून उभाच राहिला. पुढच्या आठवड्यात शाल-नारळ झाला, आणि चौकात फ्लेक्स लागला. त्यावर मी, हात जोडून, निवडणुकीला उभी असल्यासारखी. खाली मोठ्या अक्षरांत: "आता एकही पॅकेट हरवणार नाही!" येणारी-जाणारी मला विचारायची, कसलं पाकीट हरवलं होतं? मी हसून, मान जरा तिरकी करून समजावून सांगायचे. ती तिरकी मान आठवली की आज स्वतःच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो.

त्यानंतर तक्रारी बदलल्या. माझ्या ते लक्षातही आलं नाही. आधी लोक म्हणायचे, चित्र अडकतं. आता म्हणायला लागले, "मावशी, मी हॅलो म्हणते आणि तिकडनं ओ यायला उशीर होतो." "मावशी, दोघं एकदमच बोलायला लागतो." मी ठसक्यात सांगायचे, "स्पीड बघा. स्पीड बरोबर आहे. लॉस शून्य आहे." आणि तपासायचे कधी? सकाळी अकराला, चहा पिऊन झाल्यावर, सगळी गावं कामाला गेलेली असताना! तेव्हा सगळं ठणठणीत. सिनेमावाले तर खूशच होते, कारण सिनेमा पुढचा भाग आधीच भरून ठेवतो, त्याला चार सेकंद उशीर झाला तरी पत्ता लागत नाही. आणि आमच्याकडे आरडाओरडा करायचे ते सिनेमावालेच. ते गप्प झाले म्हणजे जग सुखी झालं, असं माझं गणित. एकमेकांशी बोलू पाहणारी साधी माणसं तक्रारसुद्धा हळू आवाजात करतात.

शिवाय गिऱ्हाईकांनी मला आधीच भंडावून सोडलं होतं, म्हणून मी कुणाचं ऐकतच नव्हते. एक बाई राउटर लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवायच्या, वर किल्ली कमरेला, आणि "आतल्या खोलीत येत नाही हो" म्हणून रोज फोन. दुसऱ्या एकीने त्यावर क्रोशाचं झाकण घातलं होतं. दसऱ्याला बाकीच्या यंत्रांबरोबर त्याचीही पूजा झाली. राउटर बंद पडला म्हणून ऑफिसात आणला, हलवला, तर आतून अक्षता पडल्या. भिसेगावच्या नव्या वसाहतीतले एक निवृत्त मास्तर रोज संध्याकाळी सातला फोन करून सांगत, "आज इंटरनेट सुरू आहे." मी म्हणायचे, "मग फोन कशाला केलात?" ते म्हणायचे, "नोंद असावी." अशी दहा माणसं रोज भेटली की अकरावा खरं बोलत असेल हे सुचतच नाही.

अकरावे हिराजीभाऊ. पळसदरीच्या पुढे, खालापूरच्या वाटेवर त्यांची भाताची गिरण आहे. भातं कापून-झोडून झालेली, गिरणीचा ऐन हंगाम, आणि हा माणूस भर दुपारी गिरण सोडून ऑफिसात आला. भुवयांवर कोंडा तसाच.

"ताई," खुर्चीत न बसताच म्हणाले, "तुमच्या नेटनं आमची सून मंद ठरवली."

सून म्हणजे सोनल. माहेर शेलूचं, बी.कॉम. झालेली, दीड वर्षाचा मुलगा. पुण्याची एक कंपनी विम्याबद्दलच्या शंकांना फोनवर उत्तरं द्यायला घरबसल्या काम करणाऱ्या बायका घेत होती. सोनलने नोकरी करावी की नाही यावर त्या घरात वर्षभर खल चालला होता. शेवटी सासूने तोडगा काढला: घरात बसून करायचं असेल तर कर, रोज पनवेलला जाणार असशील तर पोराला बघणारं कोणी नाही. म्हणजे ही नोकरी, नाहीतर कुठलीच नाही. मुलाखत व्हिडिओवर झाली, शुक्रवारी संध्याकाळी सातला. दोन दिवसांनी पत्र आलं: माहिती उत्तम आहे, पण उत्तर देण्याआधी फार वेळ अडखळतात, फोनवरच्या कामाला योग्य नाहीत.

"आमची सोनल अडखळती?" हिराजीभाऊ म्हणाले. "ताई, माजं तोंड उघडायच्या आत तिचं उत्तर तयार असतं. मी भोगतोय ना घरात!"

मी तयारीतच होते. कागद काढला आणि त्यांच्यापुढे सरकवला. "हे बघा. शुक्रवार, संध्याकाळी सात. एक पॅकेट हरवलेलं नाही. तिचा शब्दन् शब्द पोचलाय."

त्यांनी कागद हात लांब करून धरला. "पोचला?"

"पोचला."

"ती बोलली लगीच. तिकडं पोचलं चार शेकंदांनी. हरवलं नाय म्हंता, तर मदल्या टायमाला होतं कुटं?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला इतका सरळ प्रश्न कुठल्या इंजिनियरनेही विचारला नव्हता. शेवटी कचेरीतल्या माणसाला उत्तर येत नसलं की तो जे म्हणतो तेच म्हणाले. "तपासते."

"तपासा. पन लवकर. तिनं सोताच त्यांना लिवलं, लाइनीत बिगाड व्हता म्हनून. येत्या शनवारी साडेपाचला परत घेनारेत, शेवटचं. ह्या टायमाला बी नाय झालं तर ती म्हनती, मी परत कुटं अर्ज करनार नाय." दारापर्यंत जाऊन ते वळले. "आन ती म्हनली म्हंजे करनार नाय. मी वळखतो तिला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. घर गिरणीला लागूनच. सोनल पोराला कडेवर घेऊन दारात आली. बारीक चणीची, डोळ्यांत धार. मी तिला म्हटलं, शेलूला आईला व्हिडिओ लाव. आई दिसली. मी म्हटलं, "आता एक टाळी वाजव, आणि मोज."

तिने पोराचे दोन्ही हात धरून टाळी वाजवली. मी बोटं मोजली. एक. दोन. तीन. चार. तेव्हा कुठे तिकडून आई म्हणाली, "टाळी काय वाजवतेस गं? दात आला का त्याला?"

बाहेर कसलातरी गलका झाला म्हणून मी ओटीवर आले. खरं तर मला सोनलच्या समोरून हलायचं होतं. गिरणीच्या आवारात भाताची पोती थप्पीला लागलेली, दोन-चार शेतकरी आपापल्या पोत्यांवर बसलेले, आणि फाटकात एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाला ओरडत होता,

"हिराजीशेट, जागा हाय की आवारात! टाकू द्या पोती!"

"जागा हाय रं," हिराजीभाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाले, "पन गिरण येकच हाय. आज पोती घेतली तर तीन दिस हितंच बसशील, आन मला शिव्या देशील. परवा ये. आन जाताना वाटंत जो गावंल त्याला बी सांग, आज येऊ नको म्हनावं."

ट्रॅक्टरवाल्याने शिव्या परवापर्यंत थांबवल्या नाहीत, तिथेच दिल्या. पण वळला. वळणावर मागून दुसरा ट्रॅक्टर येत होता. दोघं थांबले, काहीतरी बोलले, आणि दुसराही तिथूनच माघारी फिरला.

मी ओटीवरच्या खांबाला धरून उभी राहिले. एवढी वर्षं वायरींत काढली आणि गर्दी म्हणजे काय ते मला भाताच्या गिरणीत कळलं!

बघा ना. पाठवणारं यंत्र मुकाट पाठवत नाही. प्रत्येक पॅकेटची पोच घेतं. पोच आली नाही, की त्याला कळतं पुढे गर्दी आहे, आणि ते आपलं पाठवणं हळू करतं. म्हणजे डबा जे पॅकेट टाकतो, तोच त्या ट्रॅक्टरवाल्याचा निरोप: आज येऊ नका. मी काय केलं होतं? आवार मैदानाएवढं मोठं केलं आणि फाटक सताड उघडं ठेवलं. या, या, सगळे या! कोणी माघारी गेलं नाही, म्हणून कोणाला कळलं नाही, म्हणून सगळे पूर्ण जोराने ओतत राहिले. गिरण तेवढीच. आणि सोनलचं चिमूटभर वाक्य कुठल्यातरी बंगल्यातल्या सिनेमाच्या पोत्यांमागे पाळीची वाट बघत बसलेलं. हरवलं नव्हतं. माझ्याच आवारात होतं.

आत जाऊन सोनलला हे सांगायला हवं होतं. मी काय सांगितलं? "तांत्रिक अडचण आहे, बघते." आणि वर दुसरा चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी रांग तोडून पूर्वीपेक्षाही आखूड केली. दिलीप धावत आला.

"ताई, लाल झालं!"

"होऊ दे."

"अहो, पॅकेटं टाकतोय तो!"

"टाकायलाच पाहिजेत. आणि वेळेवर टाकायला पाहिजेत."

"मी फ्लेक्स लावलाय चौकात!"

"उतरव."

"शाल घातली मी तुम्हाला, ताई." त्याचा आवाज कातर झाला होता. बिचाऱ्याला वाटलं वयाचा परिणाम. त्याने हळूच माझ्या नवऱ्यालाही फोन केला, हे मला नंतर कळलं. नवऱ्याने सांगितलं, डाळीच्या बाबतीतही अशीच करते.

शुक्रवारी संध्याकाळी सोनलला फोन करून पुन्हा टाळीची परीक्षा घ्यायला लावली. उशीर गेला होता. पण आता आवाज तुटत होता. शब्दाचं शेपूट गायब. मी कपाळावर हात मारला. शनिवार उद्यावर. स्क्रीनवर घरवार यादी काढली तर एकच बंगला सगळ्या वायरीवर लोळत होता. मुंबईच्या एका साहेबांचा तो बंगला एरवी रिकामा असायचा, आणि त्या रिकामेपणावर चौदा कॅमेरे रात्रंदिवस पहारा करून मुंबईला चित्रं धाडायचे. आज साहेब स्वतः आले होते, आणि कुठल्याशा लग्नाचं सगळं चित्रीकरण वर पाठवत बसले होते. मी फोन लावला.

"साहेब, उद्या संध्याकाळी तासभर कॅमेरे बंद ठेवता का?"

"मॅडम, मी सगळ्यात मोठं कनेक्शन घेतलंय."

"हो, पण तुम्ही स्वतः तिथे आहात ना? मग कॅमेरे कशाला? कशाकशावर आहेत?"

"गेटवर, विहिरीवर, पंपावर, आंब्यांवर."

"आंब्यांवर?"

"आंबे चोरतात हो लोक."

"नोव्हेंबरात?"

मग ते म्हणाले, "तरी असू दे."

अशा माणसापुढे डोकं फोडण्यापेक्षा पुस्तिका वाचलेली बरी, म्हणून शनिवारी सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा त्या डब्याची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. त्यात लिहिलं होतं: सगळ्यांना एका रांगेत उभं करू नका. प्रत्येक घराला वेगळी छोटी रांग द्या, आणि प्रत्येक रांगेतलं एकेक पॅकेट पाळीपाळीने सोडा. म्हणजे ज्याची गर्दी त्याच्याच दारात. ही सोय डब्यात पहिल्या दिवसापासून होती. पुस्तिकेच्या ज्या पानावर मी इतके दिवस चहाचा कप ठेवत होते, त्याच पानावर होती. कपाचा गोल डाग बरोबर त्या परिच्छेदाभोवती.

दुपारी दोनला काम झालं. अडीचला साहेबांचा फोन. "मॅडम, माझं अपलोड अडकतंय." मी अत्यंत गोड आवाजात म्हटलं, "तपासते हं."

साडेपाच वाजले. मी स्क्रीनसमोर बसले. आकडा लालच होता, बंगल्याबंगल्यांतली पॅकेटं धडाधड पडत होती, आणि हिराजीभाऊंच्या घरापुढचा आकडा तेवढा शांत. दिलीप मागे येरझाऱ्या घालत होता. किसन दुपारपासूनच गिरणीजवळच्या खांबाखाली काठी घेऊन बसला होता, माकडं वायरीला लोंबकळू नयेत म्हणून. त्याला हे कोणीच सांगितलं नव्हतं. मला तिथून सोनलचा शब्द ऐकू येत नव्हता. एवढंच कळत होतं की तो थांबत नाहीये.

सव्वासहाला हिराजीभाऊंचा फोन.

"झालं ताई. गिरण बंद ठेवली व्हती मी, घरघर नको म्हनून. हंगामात! लोकं बोलली मला."

"पण झालं कसं?"

"मला काय विंग्रजी कळतं व्हय? पन मी दाराआडनं ऐकत व्हतो. दोगं बी येका टायमाला बोलत नव्हती."

सोनलला घेतलं. पेढ्यांचा पुडा ऑफिसात आला, दिलीपने पुन्हा नारळ आणायचं काढलं, त्याला मी दटावलं. पण पुड्याबरोबर आणखी एक बातमी आली. तिला फोनवरचं काम दिलं नव्हतं. पहिल्या मुलाखतीचा शेरा तिच्या कागदावर तसाच राहिला होता: उत्तर द्यायला अडखळते. म्हणून पहिलं वर्षभर तिने फक्त लिहून उत्तरं द्यायची. मग बघू, म्हणाले. जिच्या जिभेपुढे हिराजीभाऊंसारखा माणूस घरात गप्प बसतो, ती पोरगी आता दिवसभर मुकी बसून टाइप करणार होती. ते मी केलं होतं. पॅकेट एकही न हरवता.

पुडा मी दिलीपकडे सरकवला. त्याआधी दोन खाल्ले होते, पण कसेबसे.

चार दिवस मी टाळलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी उठले आणि गिरणीपाशी गेले. गिरण सुरू होती, हिराजीभाऊ तिकडेच. सोनल ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलेली, पोरगं शेजारी पालथं पडून चटईची काडी ओढत होतं. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. म्हटलं, सोनल, पहिल्या वेळी बिघाड कसलाच नव्हता. मीच रांग वाढवून ठेवली होती आणि त्याची शाल मिरवत होते. त्या दिवशी तुमच्या ओटीवर मला ते कळलं होतं, आणि मी तुला सांगितलं नाही. तुझ्या कागदावरचा तो शेरा माझा आहे.

तिने लॅपटॉप मिटला. मग पोराच्या तोंडातली काडी काढत म्हणाली,

"मावशी, मला माहीत होतं. वायर तुटली असती तर सकाळी पण तुटलेलीच असती. ही रोज संध्याकाळी तुटायची आणि झोपायच्या वेळेला आपोआप जोडली जायची, म्हणजे कुणाचा तरी हात होता. तुम्ही टाळी वाजवायला लावलीत, चार मोजलेत आणि तुमचा चेहरा पडला, तेव्हा कुणाचा ते पण कळलं. बाबांना बोलले नाही. त्यांनी तिथंच तुमची पूजा बांधली असती, आणि मला शनिवारी तुम्ही पाहिजे होतात. आता मात्र सांगणार. बसा, चहा टाकते. गिरण बंद करून येतातच ते."